कयाक भाड्याने घ्या, जॅकेट मात्र स्वतःचं

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वाचकाचं पत्र आलं आहे. ते आणि त्यांचे तीन वर्गमित्र डिसेंबरमध्ये चार दिवस मध्य प्रदेशातल्या हनुवंतियाला जाणार आहेत. तिथल्या इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात स्वतः वल्हवत बेटांपर्यंत जायचं, जमलं तर एक रात्र बेटावर तंबू ठोकायचा. त्यांच्या वाट्याचा खर्च १२,००० रुपये. त्याखेरीज हवा भरायची, दोन माणसांची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, विकत घ्यायचं त्यांच्या मनात आहे. पंप, वल्ही, लाइफ जॅकेटं धरून ५५,०००. एरवी ती सुकी धरणावर भाड्याने देऊन पैसे वसूल होतील, असं त्यांना वाटतं. बचत खात्यात १,९५,००० आहेत, पण त्यातले १,५०,००० पीक कर्जाचे आणि मुदत ३१ मार्चची. दोन लाखांची एफडी आहे, ती नुसती पडून आहे असं ते म्हणतात. वय ३६, मुलगी सात वर्षांची, घरखर्च महिना २२,०००, पत्नीच्या पिको-फॉलच्या दुकानातून महिना ९,०००. पुढची काढणी मे महिन्यात आणि तोवर बागेला आणखी ४०,००० लागतील. प्रश्न असा: एफडी मोडू, कार्डावर विनाव्याज हप्ते करू, की कर्जाचे पैसे आत्ता वापरून नंतर भरू?

भाऊ, सहलीला नक्की जा. रावेरहून बऱ्हाणपूर, तिथून असीरगडाच्या पायथ्याने खंडवा आणि पुढे हनुवंतिया, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. इतक्या जवळ नऊशे चौरस किलोमीटरहून मोठा जलाशय आहे आणि आपल्याकडचे फार थोडे लोक तो पाण्यात उतरून बघतात. वर्षभर बागेत राबणाऱ्या माणसाने चार दिवसांसाठी बारा हजार खर्च केले तर त्यात उधळपट्टी काही नाही. माझा नकार फक्त कयाक विकत घ्यायला आहे, तोही या वर्षापुरता.

आधी कर्जाचे पैसे. त्यांना हात लावू नका. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. पंचावन्न हजार मागे राहिले म्हणजे कर्ज थकलंच. नुसतं सात टक्क्यांनी धरलं तरी दीड लाखावर वर्षाचे १०,५०० अंगावर येतात आणि पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं ते वेगळंच. उलट, मार्चची वाट न बघता ती रक्कम आजच वेगळ्या खात्यात टाका. एका खात्यात पावणेदोन-दोन लाख दिसले की ते सगळे आपलेच वाटतात.

विनाव्याज हप्त्यांच्या भानगडीत पडू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं आहे. व्याज कुठे किमतीत, कुठे बुडालेल्या सवलतीत, कुठे प्रक्रिया शुल्कात लपलेलं असतं. तुमच्या बाबतीत खरी अडचण दुसरीच आहे. हप्ता दर महिन्याला येतो, केळीची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, दर महिन्याला येत नाही.

आता एफडी. मुदतीआधी मोडली तर बँक जितके दिवस पैसे राहिले तितक्याच दिवसांचा दर लावते आणि बहुधा त्यातूनही एक टक्का कापते. दोन लाखांवर हे नुकसान दोन-तीन हजारांचं. तेवढ्यासाठी मी अडवलं नसतं. पण एक हिशोब माझ्यासोबत मांडून बघा. नोव्हेंबर ते एप्रिल हे सहा महिने, घरखर्चातून पत्नीची कमाई वजा केली की महिना १३,००० कमी पडतात, म्हणजे ७८,०००. बागेचे ४०,०००. एकूण १,१८,०००. कर्ज बाजूला काढल्यावर बचत खात्यात उरतात ४५,०००. राहिलेले ७३,००० कुठून येणार? एफडीतूनच. म्हणजे ज्या दोन लाखांना तुम्ही पडून असलेले पैसे म्हणता, त्यातले १,२७,००० एवढेच मोकळे आहेत. सहलीचे बारा हजार गेले की १,१५,००० उरतात, पाच महिन्यांचा घरखर्च. कयाक घेतली की उरतात साठ हजार, तीन महिन्यांचाही नाही.

आणि हे साठ हजार हाताशी असतील ते नेमके मे-जूनमध्ये, घड काढणीला आलेले असताना. त्या दिवसांत रावेर-यावल पट्ट्यात वादळी वारा काय करतो ते मी तुम्हाला सांगायला नको. तासाभरात बाग आडवी होते. फळपीक विमा काढला असला तरी भरपाई हातात पडायला वेळ लागतो आणि नव्या लागवडीला घड यायला वर्ष जातं. केळीवाल्याची गंगाजळी नोकरदारापेक्षा मोठी हवी, असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरखर्चाला पैसे लागले तर एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज मिळतं का ते बँकेत विचारा. दर सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो आणि मूळ ठेव चालू राहते.

सुकी धरणावर कयाक भाड्याने देण्याचं उत्पन्न मी हिशोबात शून्य धरतो. धरणाच्या पाण्यात भाड्याची होडी उतरवायला परवानगी लागते, आणि तुमच्या होडीतून कोणी पाण्यात पडलं तर जबाबदारी तुमची. वसुलीच्या आशेवर वस्तू घेऊ नये.

शिवाय ही कयाक या सहलीला कितपत पुरेल, तेही बघा. तिच्यावर वजनाची मर्यादा छापलेली असते. दोन धडधाकट माणसं, तंबू, पांघरुणं, पाण्याचे कॅन आणि भरीत-पुरीचे डबे चढवले की स्वस्तातली होडी त्या मर्यादेला टेकते. दुपारचा वारा सुटला की हवेची हलकी होडी उघड्या पाण्यावर भरकटते. शेतातल्या खोलीत घडी करून ठेवली तर उंदरांना एक रात्र पुरते. हनुवंतियाला मध्य प्रदेश पर्यटनाचा बोट क्लब आहे. तारखा ठरवण्याआधी तिथे फोन करून कयाक किती आहेत, भाडं किती, कुठपर्यंत नेऊ देतात, सगळं विचारून घ्या. पहिल्या वर्षी सकाळी लवकर निघून वारा सुटायच्या आत परत यावं. बेटावरची रात्र परवानगी हातात असेल तरच.

जॅकेटात मात्र काटकसर नको. साधारण दोन-तीन हजारांत स्वतःच्या मापाचं चांगलं जॅकेट येतं, ते घ्याच. दुकानातच घालून सगळी बकलं लावा आणि कोणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही तसंच सरकेल आणि तुम्ही खाली राहाल. भाड्याची जॅकेटं कोणाच्या मापाची असतील याचा भरवसा नाही.

तुमच्या पत्रात विम्याचा उल्लेख नव्हता. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये खात्यातून जातात का, पासबुकात बघा. अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे. पण सात वर्षांची मुलगी असलेल्या घराला दोन लाख कुठे पुरणार? टर्म विमा काढा, आणि अर्जात पाण्यातल्या छंदाचा प्रश्न असेल तर खरं लिहा. कयाक एक वर्ष थांबेल, हा अर्ज थांबवू नका. आरोग्य विम्यात साहसी खेळांचं कलम साधारणपणे व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी असतं, तरी तुमच्या पॉलिसीतलं वाक्य एकदा वाचून घ्या.

डिसेंबरात वल्हवून आल्यावरही कयाक हवीच वाटली तर मेच्या काढणीपासून प्रत्येक पट्टीतले पाच टक्के वेगळे टाकत जा. पुढच्या डिसेंबरपर्यंत किती जमतात ते मला कळवा. आणि एफडीला नॉमिनी कोण आहे तेही. लग्नाआधीची ठेव असेल तर अजून वडिलांचं नाव असण्याची शक्यता आहे. सहलीला निघायच्या आधी बँकेत जाऊन ते पत्नीच्या नावाने करून घ्या.