‘आज काय झालं?’ या प्रश्नाला सगळं उत्तर द्या

जळगाव जिल्ह्यातल्या कोर्टांत बावीस वर्षं मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस चालवतेय. या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गाऱ्हाणं आहे: पोलीस ठाण्यात गेलो, पण ऐकून घेतलं नाही. म्हणून या वेळची सगळी उत्तरं त्याच विषयावर.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चोपड्याला माहेरी आले, ती मारहाणीमुळे सुरतला परत गेलेच नाही. इथले पोलीस म्हणतात, गुन्हा गुजरातचा, तिकडे जा.

जायची गरज नाही. छळाला कंटाळून माहेरी आलेल्या बाईला माहेरच्या ठाण्यातही फिर्याद देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय.

तीनदा गेले. ‘महिला अंमलदार नाही, उद्या या’ असं सांगून परत पाठवलं. (अमळनेर)

महिला अधिकाऱ्यानेच जबाब घ्यावा ही अट लैंगिक गुन्ह्यांसाठी आहे. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला परत पाठवायला ते कारण होत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घेतला नाही, तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही हललं नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. त्या वेळी मात्र वकील सोबत असू द्या.

नवरा नऊ वर्षांपासून मारतो. दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. कायदाच तसा आहे म्हणतात. (भुसावळ)

ताई, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चापट मारली, ढकललं, ही साधी दुखापत कायद्याने अदखलपात्रच आहे आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. म्हणजे त्यांचं म्हणणं त्या एका चापटीपुरतं खरं. खोट आहे ती त्यांच्या पहिल्या प्रश्नात. ‘आज काय झालं?’ असं विचारतात, म्हणून बाई आजचंच सांगते. नऊ वर्षांचा मार, गाडीसाठी माहेरून आणायला सांगितलेले पैसे, उपाशी ठेवलेल्या रात्री कुणी विचारत नाही आणि लिहूनही घेत नाही. बांधावरून दोन भाऊबंद भिडले, की हाच अंमलदार जुनं वैर, मागची केस, कोणी कुणाला काय धमकी दिली, सगळं खोदून विचारतो. तिथे समोर फिर्यादी बसलाय असं तो मानतो. घरातला मार खाऊन आलेली बाई त्याला रुसून आलेली वाटते. ‘घरनं भांडण शे, घरमाच मिटाडा,’ हे त्याच्या मनात आधीच ठरलेलं असतं.

मागच्या पावसाळ्यात एक ताई माझ्याकडे आल्या. पिशवीत प्लास्टिकमध्ये घडी घातलेल्या तीन एनसी. तिन्हींत एकच वाक्य: ‘घरगुती किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून चापटबुक्क्यांनी मारहाण.’ त्याच पिशवीत गुंडाळलेली एक्स-रेची फिल्म होती, तिसऱ्या एनसीच्या दुसऱ्या दिवसाची. करंगळीचं हाड मोडलेलं. ठाण्यातून दवाखान्यात पाठवलंच नव्हतं, त्या स्वतःहून गेल्या होत्या. हाड मोडणं किंवा दात पडणं ही कायद्यात जबर दुखापत आहे. दखलपात्र, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि कागदावर काय होतं? ‘किरकोळ.’

नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली वेगळा गुन्हा आहे. बाईने स्वतः किंवा तिच्या नातलगाने फिर्याद दिली, तर तो दखलपात्र असतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणून घरून लिहूनच जा: लग्न कधी झालं, मार कधीपासून, मागणी कशाची, कशाने मारलं, कोणी पाहिलं, कुठे उपचार घेतले. आधीच्या एनसींचे नंबर घाला. ‘आधी चौकशी करतो’ म्हणाले, तर ती १४ दिवसांत आणि उपअधीक्षकांच्या परवानगीने व्हायला हवी, हे लक्षात ठेवा. महिनोन्महिने समुपदेशनाच्या तारखा घेत बसू नका.

शिवाय २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि संरक्षण आदेश यांची माहिती पोलिसांनीच तुम्हाला द्यायची असते. मला अजून अशी एक बाई भेटायचीय, जिला ती ठाण्यात मिळाली. तुमच्या बाबतीत नेमकं कोणतं कलम लागेल, ते कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. एनसींच्या नकला घेऊन या आठवड्यातच वकिलाला भेटा.

मोबाईलवर आलंय की ४९८अ बंद झालं आणि आता अटकच होत नाही. (एरंडोल)

काहीही बंद झालेलं नाही. छळाचं ते जुनं कलम, १ जुलै २०२४ पासून त्याचंच कलम ८५ झालं. सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं ते अटकेबद्दल. गुन्हा नोंदवूच नका असं त्यात कुठेही नाही. असे मेसेज पुढे पाठवू नका. ते वाचून बायका घरी बसतात.

बायको आणि मेहुणे मला मारतात. ठाण्यात सगळे हसले. ‘बाईचा मार खातोस?’ म्हणाले. (धुळे)

भाऊ, हसले ते चुकलेच. पुरुष मारणारच आणि बाई सोसणारच, या समजुतीवर ठाणं चालतं. तुमच्यावर हसणाराच तुमच्या शेजारणीला ‘सांभाळून घ्या’ म्हणतो. २००५ चा कायदा फक्त बायकांसाठी आहे, पण दुखापत आणि धमकीच्या कलमांत फिर्यादी बाई की पुरुष असा भेद नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या आणि लेखी तक्रार द्या. मात्र पत्नीने केलेल्या तक्रारीला उत्तर म्हणून ती करत असाल, तर आधी वकिलाशी बोला.

ओळखीचा एजंट दहा हजारांत स्टॅम्पवर फारकत आणि पोलीस केस दोन्ही मिटवून देतो म्हणतो. (शहादा)

एक रुपयाही देऊ नका. स्टॅम्प पेपरवर लिहून हिंदू विवाह कायद्यातलं लग्न मोडत नाही. काही समाजांत, विशेषतः आदिवासींमध्ये, रूढीने फारकत होते, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, म्हणून सही करण्याआधी सल्ला घ्या. बाईला उत्पन्नाची अट नसताना सरकारी वकिली मदत मोफत मिळते: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

शेजारच्या घरातून रात्री ओरडणं ऐकू येतं. मी कोण तक्रार करणारी? (यावल)

संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवल्याबद्दल तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. मार चालू असेल, तर त्याच क्षणी ११२ लावा. ऐकू आलं ती तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. तिच्याशी बोलायचं ते नवरा कामावर गेल्यावर.