‘कंट्री म्युझिक’मधला देश कोणता?

प्रश्न असा आहे: अमेरिकी राजकारणावरील एका लेखाचे भाषांतर करताना ‘कंट्री म्युझिक’साठी मराठी शब्द हवा आहे, ‘देशभक्तिपर संगीत’, ‘लोकसंगीत’ आणि ‘ग्रामीण संगीत’ असे तीन पर्याय वाचनात आले, त्यांतील योग्य कोणता?

पहिला पर्याय साफ चुकीचा आहे, आणि तो इतक्या वेळा कानांवर पडतो की आता राहवत नाही. अमेरिकेत निवडणूक आली, की सभेच्या मंचावर गिटार घेऊन उभा असलेला गायक आपल्याकडच्या बातमीत हटकून ‘देशभक्तिपर गीते’ गातो. प्रेमभंग, दारू, तुरुंग, आगगाडी, आईची आठवण हे या गाण्यांचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले विषय आहेत आणि नावातील ‘कंट्री’चा अर्थ राष्ट्र असा नसून शहराबाहेरचा मुलूख असा आहे. मात्र ही चूक होते कशी हे पाहू गेल्यास एक विलक्षण व्युत्पत्ती हाती लागते.

‘कंट्री’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘कॉन्ट्रा’ म्हणजे ‘विरुद्ध’, ‘समोर’ या शब्दात आहे. ‘कॉन्ट्राटा’ म्हणजे पाहणाऱ्याच्या समोर पसरलेली भूमी. जर्मनांनीही ‘गेगेन’, म्हणजे ‘विरुद्ध’, या शब्दावरून ‘गेगेंड’, म्हणजे ‘प्रदेश’, हा शब्द घडवला. आपला ‘देश’ संस्कृत ‘दिश्’ म्हणजे ‘दाखवणे’ या धातूपासून आला. म्हणजे बोटाने दाखवला तो देश. (याच धातूची लॅटिन बहीण ‘डिक्शनरी’ या शब्दात आहे, ‘देश’ आणि ‘डिक्शनरी’ हे एकाच घराण्यातले शब्द आहेत, हे मला आजही पुन्हापुन्हा सांगावेसे वाटते.) तेव्हा ‘देश’ बोटासमोरचा आणि ‘कंट्री’ डोळ्यांसमोरचा, दोन्ही शब्दांना कोठेतरी उभा असलेला माणूस लागतो. कोकणातला माणूस घाट चढून ‘देशावर’ जातो तेव्हा त्याच्याही मनात राष्ट्र नसते, समोरचा वरचा मुलूख असतो. फरक इतकाच, की आपल्या त्या देशाच्या समोर कोकण असते आणि अमेरिकी ‘कंट्री’च्या समोर शहर असते.

माझे मत असे, की या संगीताच्या राजकारणाचे बीज या ‘समोर’पणातच आहे. १९२३ साली अटलांटा येथे फिडलिन जॉन कार्सन या फिडलवादकाचे ध्वनिमुद्रण झाले आणि ते खपले, तेव्हा या प्रकाराला धड नावही नव्हते. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या अल हॉपकिन्सच्या वाद्यवृंदाला बँडचे नाव विचारण्यात आले, तेव्हा आपण नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनियाकडचे नुसते ‘हिलबिली’ आहोत, असे उत्तर त्याने दिले आणि तेच नाव त्यांना चिकटले. हा शब्द डोंगराळ भागातील अडाण्यासाठी शिवीसारखा वापरला जाई. मराठीत त्याला ‘गावंढळ’ म्हणावे लागेल. पुढे अर्नेस्ट टब या गायकाने हा शब्द टाकून ‘कंट्री’ म्हणा असा आग्रह धरला आणि जून १९४९ मध्ये संगीतव्यवसायाचे नियतकालिक ‘बिलबोर्ड’ने लोकप्रिय गाण्यांच्या आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असे नाव दिले. गावंढळाचे गावरान झाले ते असे. बाजारात ‘गावरान’ तूप आणि ‘गावरान’ कोंबडी चार पैसे जास्त देऊन घेतली जाते, तशीच अस्सलपणाची किंमत या नव्या नावालाही मिळाली.

आता ‘लोकसंगीत’. ‘बिलबोर्ड’च्या त्या यादीवर १९४९ पूर्वी ‘फोक’ हाच शब्द होता, म्हणून भाषांतर योग्य आहे, असा युक्तिवाद होतो. तो अर्धाच खरा आहे. ‘फोक’ हे नाव डाव्या विचारांच्या, कामगार चळवळीत गाणाऱ्या मंडळींशी जोडले गेले. त्यांतील पीट सीगर यांना १९५५ मध्ये अमेरिकी संसदेच्या (‘काँग्रेस’च्या) चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. ‘कंट्री’ला ‘लोकसंगीत’ म्हटले, की राजकारणावरील लेखात दोन्ही तट एकाच नावाखाली येतात आणि लेखाचा मुद्दाच बुडतो. ‘फोक’ हा शब्द केवळ कम्युनिस्टांच्या धास्तीने टाकला, असे जे अभ्यासक ठामपणे लिहितात त्यांच्याशीही मी सहमत नाही. त्याच जूनमध्ये त्याच नियतकालिकाने कृष्णवर्णीयांच्या संगीताचे ‘रेस’ हे नाव काढून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. दोन्ही नावे एकाच वेळी बदलली असता, त्यांतील एकाचेच कारण राजकीय भीतीत शोधणे मला एकांगी वाटते.

‘कंट्री’चे दोन अर्थ, मुलूख आणि राष्ट्र, एकमेकांत मिसळले ते राजकारण्यांच्या हातून, आणि तेही फारसे जुने नाही. एके काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व होते. गायक जिमी डेव्हिस त्याच पक्षाकडून लुइझियानाचे दोनदा गव्हर्नर झाले, तर रॉय एकफ यांच्यासारखा लोकप्रिय गायक १९४८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार म्हणून टेनेसीत गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पडला. मार्च १९७४ मध्ये मात्र ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाच्या नॅशव्हिलमधील नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला अध्यक्ष निक्सन स्वतः आले, पियानोवर बसून वाजवले, आणि याच एकफ यांच्याकडून मंचावर यो-यो फिरवायला शिकले. भाषणात त्यांनी या संगीताची सांगड थेट राष्ट्रप्रेमाशी घातली. ‘जो मुलूख शहराच्या समोर आहे तोच खरा देश’ हा दावा इंग्रजीत एका शब्दात सामावतो, त्यासाठी वेगळे वाक्य लिहावे लागत नाही. मार्च २००३ मध्ये टेक्ससच्या डिक्सी चिक्स या त्रयीतील गायिकेने लंडनच्या मंचावरून, अध्यक्ष बुश टेक्ससचे आहेत याची आपल्याला लाज वाटते, असे म्हटले, तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली. मुलखाचे संगीत गाणाऱ्याने राष्ट्राच्या प्रमुखाविरुद्ध बोलू नये ही अपेक्षा तोवर गृहीत धरली गेली होती.

‘ओकी’ या शब्दाचेही असेच झाले. मूळ अर्थ ओक्लाहोमाचा माणूस. पण १९३०च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठून कॅलिफोर्नियात मजुरीला गेलेल्यांना तेथे हे नाव हिणवण्यासाठी लावले गेले. गायक मर्ल हॅगर्ड अशाच एका कुटुंबात १९३७ साली जन्मला. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ मालगाडीच्या जुन्या डब्याचे घर करून त्याचे आईवडील राहत होते. त्याने १९६९ मध्ये आपण ओक्लाहोमातील मस्कोगीचा ओकी असल्याचे अभिमानाने गायले, आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या विद्यापीठांतील निदर्शनांना विटलेल्या लोकांनी ते गाणे आपले मानले. शिवी बिरुद झाली. समोर मात्र शहर आणि विद्यापीठच होते.

त्यामुळे ‘ग्रामीण संगीत’ हा पर्याय अर्थाने जवळचा असला तरी अपुरा आहे, कारण त्यात राष्ट्र हा दुसरा अर्थ मावत नाही. ‘देशी संगीत’ मला मनापासून आवडले असते. देवगिरीच्या यादवांकडे लिहिल्या गेलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त ‘देशी’ म्हणजे त्या त्या मुलखातल्या लोकांच्या आवडीचे संगीत असाच अर्थ आहे. पण आजचा वाचक ‘देशी’ म्हटल्यावर भारतीय असेच समजेल. तेव्हा आपल्या लेखात ‘कंट्री संगीत’ असेच लिहावे, पहिल्या उल्लेखाला ‘अमेरिकेतील गावरान गाण्यांची परंपरा’ असे जोडावे, आणि जेथे मूळ लेखक या शब्दाच्या दोन्ही अर्थांवर बोट ठेवतो तेथे ‘मुलूख’ आणि ‘राष्ट्र’ हे दोन्ही शब्द वाक्यात आणावेत.