८ जीबी रॅम बसवली, दिसते सव्वातीनच?

आधी विंडोज ३२ बिट आहे की ६४, ते बघा. ३२ बिट विंडोजच्या घरगुती आवृत्त्या ४ जीबीपलीकडचे पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) वापरतच नाहीत. त्यातलेही वरचे बरेचसे पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांसाठी राखीव असतात; रॅमच्या वाट्याला साधारण सव्वातीन जीबी उरते. खरा उपाय एकच: बॅकअप घेऊन ६४ बिट विंडोज नव्याने टाका. मर्यादा उठवणारे 'पॅच' (विंडोजमध्ये फेरफार करणारे छोटे प्रोग्राम) कृपा करून टाळा, उपकरणे चालवणारे ड्रायव्हर कोलमडतात.

६४ बिट असूनही कमी दिसते? एमएसकॉन्फिग (msconfig, विंडोज सुरू होतानाची सेटिंग्ज बदलण्याचे साधन) उघडून त्यात बूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून 'मॅक्झिमम मेमरी'ची खूण काढा, रीस्टार्ट करा. नंतर बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) मेमरी रिमॅप, म्हणजे उपकरणांच्या पत्त्यांमुळे झाकलेली रॅम ४ जीबीच्या वर हलवणारा पर्याय, चालू आहे का बघा. शेवटी वीज काढून रॅमच्या पट्ट्या पुन्हा घट्ट बसवा. ऑनबोर्ड ग्राफिक्सने (वेगळे कार्ड नसलेले, अंगचेच ग्राफिक्स) घेतलेली थोडी रॅम मात्र जाणारच.