मी इथे गंजतेय का?

मोठ्या मेडिकल डिव्हाइस कंपन्यांत काम करणारी माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा सुरुवात बहुतेक एकाच तक्रारीनं होते. दोन ओळींच्या बदलासाठी आठवडेच्या आठवडे कागद भरायचे, सह्या गोळा करायच्या, ऑडिट जवळ आलं की जुन्या फायली उकरायच्या. बाहेरचे मित्र सतत काहीतरी नवं बाजारात आणतात आणि आपण वर्षभर एका बटणामागे बसलोय. शिकलेलं सगळं इथे गंजून जाईल का? ही भीती खरी असते, ती मी कधी हसण्यावारी नेत नाही. पण तिच्या आडोशाला आणखी काही दडलंय का, हेही बघावं लागतं. पुढची हकिकत लिहायला संबंधित व्यक्तीनं परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सॉफ्टवेअर इंजिनिअर. आधी एका छोट्या ॲप कंपनीत होती, मग इन्फ्युजन पंप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत आली. रुग्णाच्या शिरेत औषध किती वेगानं जावं हे सांभाळणारं ते यंत्र. त्याची स्क्रीन आणि बटणं तिच्या टीमकडे होती.

“मॅडम, मी आता कोड लिहीतच नाही, कोडबद्दल लिहिते,” ती म्हणाली. “आधी रिक्वायरमेंट लिहा, ती कुठल्या टेस्टला जोडली ते दाखवा, रिस्क फाइलमध्ये नोंद करा, मग रिव्ह्यू, मग सह्या. अलार्मचा रंग जरा बदलायचा तरी चेंज ऑर्डर. आणखी दोन वर्षं इथे काढली तर बाहेर मला कोण विचारेल?” निघताना तिनं सहज सांगितलं की हल्ली पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. कामाचा कंटाळा आलेली माणसं सहसा अशी दचकून उठत नाहीत. ते मी लक्षात ठेवलं.

तिला मी एक वही करायला सांगितली. काम जिथे अडेल तिथे दोनच गोष्टी लिहायच्या: कशासाठी थांबले, आणि हे थांबणं नसतं तर कुणाला इजा झाली असती.

वही घेऊन आली तेव्हा तिचा सूर थोडा बदलला होता. अलार्मच्या रंगाचा रिव्ह्यू तिला निव्वळ वेळकाढूपणा वाटला होता; त्यात क्लिनिकल टीममधल्या एका नर्सनं सांगितलं की रात्री वॉर्डातले दिवे मंद केल्यावर हा रंग दिसणारच नाही. दुसरीकडे, एकच माहिती ती तीन वेगळ्या सिस्टिममध्ये भरत होती. कारण काय, तर पूर्वी दुसरी एक कंपनी विकत घेतली होती आणि दोघींच्या सिस्टिम कुणी कधी जोडल्याच नव्हत्या. हे थांबणं कुठल्याच रुग्णाला वाचवत नव्हतं. मोठ्या कंपनीत या दोन्ही गोष्टी एकाच फायलीत, एकाच गंभीर भाषेत लिहिलेल्या असतात. त्या वेगळ्या करता आल्या नाहीत की माणूस सगळ्याच प्रक्रियेचा तिरस्कार करू लागतो. मला हे धोक्याचं वाटतं, कारण मग खरा रिव्ह्यूही हात उरकून होतो.

हे कागद आले कुठून, हेही तिच्याशी बोलायला हवं होतं. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन यंत्रानं सहा रुग्णांना प्रचंड जास्त डोस दिला, त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये धोक्याच्या वेळी यंत्र अडवणारे हार्डवेअरचे अटकाव होते. इथे ती जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली होती, आणि ऑपरेटरनं नोंद भराभर दुरुस्त केली की त्यातली चूक उघडी पडायची. सुरुवातीच्या तक्रारींवर, असं होणं शक्यच नाही, असं उत्तर मिळालं होतं. पुढे अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं १९८३ ते १९८९ मधले रिकॉल, म्हणजे दोषामुळे उपकरणं परत मागवण्याचे किंवा दुरुस्त करण्याचे प्रसंग, तपासले, तेव्हा सुमारे ४४ टक्के रिकॉलमागचा दोष डिझाइनमध्येच होता आणि नीट डिझाइन कंट्रोल असते तर तो टाळता आला असता, असं आढळलं. ती ज्यांना कंटाळली होती ते डिझाइन कंट्रोल, म्हणजे डिझाइनच्या प्रत्येक टप्प्यावरच्या लेखी नोंदी, तपासण्या आणि सह्या, तिथे १९९७ पासून बंधनकारक झाले. तिच्या पंपांचा इतिहास तर आणखी जवळचा. २००५ ते २००९ या पाच वर्षांत एफडीएकडे इन्फ्युजन पंपांशी संबंधित सुमारे ५६,००० प्रतिकूल घटनांचे अहवाल आले आणि ८७ रिकॉल झाले. त्यात वारंवार दिसलेला एक दोष म्हणजे बटण एकदा दाबलं तरी यंत्रानं ते दोनदा दाबलं असं समजणं. ५ च्या जागी ५५.

हे बोलताना ती एकदम गप्प झाली. वहीत मधल्या एका आठवड्याचं पान कोरं होतं; त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, “त्या आठवड्यात रिलीजची तयारी चालली होती.” मी थांबले. बराच वेळ गेला.

मग तिनं सांगितलं. व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे रिलीजआधीच्या चाचण्यांत, एका टेस्टरनं अंक एकदा दाबला आणि स्क्रीनवर तो दोनदा उमटला. टेस्टरनं तीच टेस्ट पुन्हा केली, पुन्हा तसं झालं नाही. रिपोर्टमध्ये ‘टेस्टरच्या हाताळणीतील चूक’ असं लिहून नोंद बंद झाली. दुसरी रिव्ह्यूअर म्हणून सही तिची होती. कारण पटलं नव्हतं, पण आधीच चार सह्या झालेल्या, तारीख डोक्यावर, आणि मॅनेजर तिच्या खुर्चीशेजारी उभे. तिनं सही केली. पहाटेची जाग त्यानंतरची.

आपल्याला योग्य काय ते दिसतंय आणि भोवतालची रचना तसं करू देत नाही, यातून येणाऱ्या त्रासाला नैतिक क्लेश म्हणतात. ही कल्पना १९८४ मध्ये परिचारिकांच्या कामाच्या संदर्भात मांडली गेली, कारण रुग्णाच्या सर्वांत जवळ त्या असतात आणि निर्णय मात्र दुसरीकडे होतात. उपकरणांच्या कंपनीत अंतर उलटं असतं. रुग्ण कुठेतरी दूर, आणि निर्णयाची सही आपल्या हातात. रुग्ण दिसत नाही म्हणून क्लेश कमी होत नाही. तो फक्त ओळखू येत नाही, आणि माणूस करिअरबद्दल बोलत राहतो.

अशा वेळी ‘तुमची काही चूक नाही’ म्हणून समजूत घालणं मला पटत नाही. तिची सही होती, ती नाकारणं म्हणजे तिच्या सदसद्विवेकाचा अपमान झाला असता. पण पहाटे तीनला ती जे पाहत होती तो एक मृत्यू, कोर्ट आणि पुराव्यात तिचं नाव असा सगळा सिनेमा होता. म्हणून आम्ही आधी माहीत असलेलं आणि कल्पनेतलं वेगळं केलं. माहीत होतं ते इतकंच: एका टेस्टमध्ये अंक दोनदा उमटला, पुन्हा तसं घडलं नाही, लिहिलेल्या कारणाला पुरावा नाही. आणि पंपाची ही आवृत्ती अजून रुग्णालयांत गेलेली नव्हती, म्हणजे दुरुस्तीला वाव होता.

राहिली बोलण्याची भीती. “आता सांगितलं तर म्हणतील, सही करताना काय झोपली होतीस का?” हा प्रश्न येणार होताच. त्याचं उत्तर तयार ठेवणं हाच आमच्या पुढच्या भेटींचा विषय झाला. मी मॅनेजर व्हायचे, ती बोलायची. पहिल्यांदा ती माफीच मागत राहिली. दुसऱ्यांदा टेस्टरवर घसरली. शेवटी तिला स्वतःचे शब्द सापडले: “त्या नोंदीत कारण लिहिलंय, पण पुरावा जोडलेला नाही. सही केली तेव्हा हे मला दिसलं होतं आणि मी थांबवायला हवं होतं. नोंद पुन्हा उघडावी, अशी माझी लेखी विनंती आहे.” ईमेल क्वालिटी विभागाला आणि मॅनेजरला एकाच वेळी जाईल, हेही आम्ही ठरवलं. कानात सांगितलेली गोष्ट मोठ्या कंपनीत हवेत विरते. लिहिलेलीला नंबर मिळतो आणि ती कुणाला तरी बंद करावी लागते. ज्या कागदांना ती वैतागली होती त्यांचा हा उपयोग तिला आधी सुचला नव्हता.

नोंद उघडली गेली. चौकशीत आणखी दोन टेस्टरनी सांगितलं की असंच त्यांनाही झालं होतं. प्रत्येकाला वाटलं, आपलंच बोट चुकलं. बटण कोपऱ्यावर दाबलं की आतला संपर्क क्षणभर थरथरत राहायचा आणि सॉफ्टवेअर त्या थरथरीला दुसरा दाब समजायचं. दुरुस्ती झाली, रिलीज पुढे गेलं. मॅनेजरनी “आधी का नाही बोललीस?” हे विचारलंच, आणि तो प्रश्न रास्त होता. टीममधल्या दोघांनी तिच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. हे तिला फार लागलं. त्यावर आम्ही बरंच काम केलं. झोप मात्र हळूहळू परत आली.

प्रत्येकाचं असं होत नाही. दुसऱ्या एका कंपनीतल्या माझ्या एका क्लायंटनं अशीच लेखी शंका मांडली. ती महिनोन्‌महिने एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत ढकलली गेली, आणि त्याला अवघड कामांतून हळूच बाजूला केलं गेलं. त्यानं नोकरी सोडली. त्याचा निर्णय मला योग्य वाटला आणि आजही वाटतो.

तेव्हा अशा कंपनीत जावं का, राहावं का, असं कुणी विचारलं की कंपनीच्या नावावरून मी काहीच सांगू शकत नाही. एकाच कंपनीत दोन मजल्यांवर दोन वेगळ्या जगांतली माणसं बसतात. मुलाखतीत किंवा ओळखीच्या माणसाला एवढं जरूर विचारा: शेवटचं रिलीज कुणी थांबवलं होतं, आणि तो माणूस आज कुठे आहे? डिझाइन करणाऱ्यांना रुग्णालयातून आलेल्या तक्रारी वाचायला मिळतात का? पहिल्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर ते मनात नोंदवून ठेवा.

आणि गंजण्याचं म्हणाल, तर काही जागी ते होतंच. युरोपचा नवा मेडिकल डिव्हाइस कायदा २६ मे २०२१ पासून लागू झाला. त्यासाठी जुन्या उत्पादनांच्या फायली नव्यानं लिहिण्यात अनेकांची वर्षं गेली. कामाचा डोंगर इतका की २०२३ मध्ये मुदत वाढवून काही उपकरणांना २०२७ च्या आणि काहींना २०२८ च्या अखेरपर्यंत सवलत द्यावी लागली. कुणी फक्त त्याच कामावर अडकला असेल, तर बदली मागण्यात संकोच करू नये. याउलट जोखमीचा अंदाज घेणं, वापरणारा कुठे चुकेल हे आधी ओळखणं, हे ज्याला जमलं त्याला बाहेर मागणी असते, कारण वैद्यकीय उपकरणांची जोखीम कशी हाताळायची हे सांगणाऱ्या आयएसओ १४९७१ सारखी आंतरराष्ट्रीय मानकं सगळीकडे तीच आहेत. तिनं आता मॅनेजरशी बोलून दर आठवड्याला काही वेळ तक्रार विभागात बसायला सुरुवात केली आहे. तीन सिस्टिमची डोकेदुखी आहे तशीच आहे.

तुमच्याही मनात अशी एखादी सही असेल आणि ते यंत्र आज रुग्णांजवळ चालू असेल, तर आधी लेखी कळवा, समुपदेशकाची वेळ नंतर घ्या. एफडीएच्या नियमांनुसार गंभीर घटना, किंवा पुन्हा घडल्यास गंभीर इजा करू शकेल असा बिघाड, कंपनीला ३० दिवसांत कळवावा लागतो. आणि हे दिवस वरिष्ठांना समजल्यापासून मोजले जात नाहीत. कंपनीतल्या कुठल्याही एका कर्मचाऱ्याला समजलं, त्या दिवसापासून मोजले जातात.