एका लॅपटॉपच्या रिकव्हरी पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकता येईल का?

मॉडेल वेगळं असेल तर बहुधा नाहीच. कंपनीचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बऱ्याचदा सुरुवातीलाच बायोसमधलं (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधलं) मॉडेल तपासतो. जुळलं नाही की तिथेच अडतो. चाललाच, तरी ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) जुन्या मशीनचे, आणि लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स त्याच्याच मदरबोर्डला बांधलेलं.

त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारं टूल) उतरवा आणि किमान ८ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह लावा. (त्यावरचं सगळं पुसलं जातं, फोटो-बिटो आधी काढून घ्या.) दुसऱ्या मशीनसोबत मुळात विंडोज १० किंवा ११ आलं असेल, तर प्रॉडक्ट की (लायसन्सचा कोड) सहसा त्याच्या बायोसमध्येच असते. मूळ विंडोज ‘होम’ आवृत्तीचं असेल तर होमच टाका. नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. जुना रिकव्हरी पेनड्राइव्ह मात्र अजिबात पुसू नका, त्या लॅपटॉपला तो लागेल.