मशीन द्यायच्या आधी घरातलं कर्ज बघा

जय ख्रिस्त भाऊ. तुमचा प्रश्न नीट वाचला. गोवंडीच्या वस्तीत तुमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, शिलाई मशिनी वाटल्या, वर्षभरात बऱ्याचशा कोपऱ्यात पडून राहिल्या, एका बहिणीने तर विकूनच टाकली, आणि आता तुम्ही विचारताय की पुढच्या वेळी मशीन द्यायची का रोख, आणि घेणाऱ्यांनी रविवारी उपासनेला यायलाच पाहिजे अशी अट घालावी का. मी त्याच पट्ट्यात बरीच वर्षं हे सेवाकार्य करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मशीन का रोख हे नंतरचं. बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली ती विधवा आठवा, सावकार तिची दोन्ही मुलं गुलाम म्हणून न्यायला आलेला. अलीशा संदेष्ट्याने तिला विचारलं, तुझ्या घरात काय आहे? होतं थोडंसं तेल, त्याच तेलाने शेजारणींकडून मागून आणलेली भांडी भरली आणि मग त्याने सांगितलं की तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. आपण नेमकं उलटं करतो, घरात काय आहे ते विचारत नाही, नवीनच धंदा शिकवायला घेतो आणि कर्जाचं तर नावही काढत नाही.

वस्तीतल्या बायका रिकाम्या बसलेल्या नसतात हो. कोणी इमिटेशनचे दागिने नगावर ओवते, कोणी राख्या करते, कोणी धुणीभांडी करून संध्याकाळी भजीची गाडी लावते. जे चालू आहे तेच आधी धरा. आमच्याकडची एक ताई पोळ्या करून द्यायची, ५ रुपयाला एक, आणि पोळीमागे जवळजवळ साडेतीन रुपये सुटतात असं समजायची कारण खर्चात फक्त पीठ धरायची. आम्ही तिच्या ओट्याशी बसून वहीत मांडलं. १०० पोळ्यांना साडेतीन किलो पीठ, १६० रुपये. तेल ३०, गॅस ४०, पिशव्या आणि पोचवायची रिक्षा मिळून ६०. "गॅस कशाला लिहिता, तो तर घरचाच आहे," ती म्हणाली. तो लिहिल्यावर झाले २९०, म्हणजे सुटतात २१०, पोळीला २ रुपये १० पैसे, आणि त्यात तिची चार तासांची मेहनत. तिने भाव ७ केला, दोन गिऱ्हाईकं तुटली, बाकीची टिकली. मग धंद्याच्या पैशाचा डबा वेगळा केला, आणि मुलाच्या फीला लागले तरी त्यातून काढताना वहीत लिहायचं हे ठरलं. तिला नवीन मशीन काही दिली नाही आम्ही.

शिलाईचं म्हणाल तर गोवंडी-धारावीत कारखान्यातल्या फास्ट मशिनींवर माल निघतो, घरच्या मशीनवर ड्रेस शिवून त्या भावात विकणं जमत नाही. फॉल-बीडिंग, ब्लाउज आल्टर करणं, गणवेशाची दुरुस्ती, हे गल्लीतलं काम चालतं, पण एका गल्लीत दहा जणींना पुरेल एवढं नसतं. आणि दहा बाय बाराच्या खोलीत रात्री सगळे झोपणार तर मशीन ठेवणार कुठे, हे देण्याआधी कोणी बघायला जातं का?

आता कर्ज. महिना १० टक्क्याने घेतलेलं म्हणजे वर्षाचे १२० टक्के झाले, कुठला चहाचा स्टॉल एवढं कमावणार सांगा. त्यात मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता वेगळाच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना आधी सावकाराच्या तावडीतून सोडवलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, स्वयंपाक तर त्यांना येतच होता. तुम्हीही बचत गट करा, बँकेत खातं काढा, गाडीवाल्यांना पीएम स्वनिधीचा, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्जयोजनेचा, फॉर्म भरून द्या, २०२० मध्ये पहिलं कर्ज १० हजारांचं होतं ते आता १५ हजार झालंय. पण मंडळीने स्वतः उसने देऊ नका. पाळक (पास्टर) हप्ता मागायला लागले की बाई त्यांना रस्त्यात बघून गल्ली बदलते, प्रार्थनेलाही यायची बंद होते. आणि कोणाची मशीन किंवा गाडी तर अडकवून ठेवूच नका, बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात, २४:६ मध्ये, दळायचं जातं गहाण घेऊ नका असं स्पष्ट सांगितलंय कारण ते त्या माणसाचं पोटच आहे.

उपासनेची अट? माझं उत्तर ठामपणे 'नाही' असंच आहे. अलीशाने त्या विधवेला कुठली अट घातली? पंडिता रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, तरी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढताना धर्माची सक्ती नको हेच धोरण त्यांनी ठेवलं. अट घातली की लोक मशीनसाठी येतात, खोटं बोलायला शिकतात, आणि वस्तीत तुमच्याबद्दल जे बोललं जाईल ते वेगळंच. कोणी आपणहून प्रार्थना मागितली तर मनापासून करा, मी पण करते.

आणि नवीन यादी करायच्या आधी मशीन विकलेल्या त्या बहिणीकडे जा. जाब विचारायला नाही, पैसे कुठे गेले एवढंच प्रेमाने विचारायला. बहुतेक कुणाचा तरी हप्ता भरला असेल, तो कोणाचा होता आणि अजून किती बाकी आहे ते लिहून घ्या, तुमचं काम तिथूनच सुरू होईल.