मे महिन्यात बेळगाव ते कणकुंबी डोंगरातून ८० किलोमीटर पळायचं आहे. रस्त्यावरची मॅरेथॉन साडेचार तासांत केली आहे. दहा तासांत जमेल का?

जमेल, पण दहा तासांचा हिशेब आधी पुसून टाका. रस्त्यावरचा वेग डोंगरात चालत नाही, आणि मे महिन्यात तर नाहीच.

उन्हात रक्ताला दोन मालक असतात: पळणारे स्नायू आणि अंग गार ठेवणारी कातडी. पोटाच्या वाट्याला फारसं उरत नाही. म्हणून दुपारी बाराच्या पुढे खजूर खा नाहीतर एनर्जी जेल (धावपटूंचा गोड, घट्टसर पाक) घ्या, पोटात तसंच पडून राहतं. मग मळमळ, मग खाणं बंद, आणि पुढच्या चढाला पाय उचलत नाही. दोष पायांना जातो. घास उतरेना झाला की मुकाट चालायला लागायचं, सावली दिसली तर बसायचं, डोक्यावर-मानेवर पाणी ओतायचं. पोट परत चालू झालं की पळा. अकरा ते चार हा वेळ मी चालण्यातच धरतो.

बेळगावजवळ येळ्ळूरकडे हवा कोरडी, घाम लगेच वाळतो. कणकुंबीकडे घाटमाथ्यावर कोकणातली दमट हवा वर येते. तिथं पारा कमी दिसतो, पण घाम नुसता ओघळतो, अंग काही गार होत नाही. नवखे नेमके तिथंच जोर करतात.

भीतीपोटी नुसतं पाणी ढोसू नका. रक्तातलं सोडियम उतरलं की डोकं ठणकतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो. तहानेप्रमाणे प्या. सरावात तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. मध्ये काही प्यायला नसाल तर एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. मी आंबील, खारं ताक आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे नेतो. कुंदा नेणारे महाभागही आहेत. बेळगावकर म्हणून मला अभिमान आहे, पण भर दुपारी खवा नको.

अंगाला ऊन सवयीचं व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तेवढे दिवस दुपारी हलकं पळा. राजहंसगडाचा चढ पुन्हापुन्हा करा, आणि उतारही, कारण मांड्या उतारावरच फुटतात. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या १६१ किलोमीटरच्या शर्यतीत चढापेक्षा उतार जास्त आहे. तिथं जूनच्या उन्हात मुरलेले धावपटूसुद्धा टोपीत, गळ्यातल्या रुमालात बर्फ भरायला थांबतात. वाटेवरच्या जांबोटीत कुणाला तरी बर्फ आणून ठेवायला सांगा.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, आणि पहाटे एकटे तर नकोच, अस्वलं आहेत.

शेवटचं, उष्माघाताचं: उन्हात सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला किंवा झोकांड्या खायला लागला तर शर्यत तिथंच संपली. मदतीला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. आधी सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, मिळेल तेवढं गार पाणी ओता, वारा घाला. अंग गार करत करतच दवाखान्यात न्या.